आधी पट्टी

हातमोजे घाल, आयझिरेक. आधी ते, मग बाकी सगळं.
बाहेर उणे सव्वीस आहे,
उघडं बोट लागलं तर लोखंड आज सोडायचं नाही.

तो तिसरा खांब बघ.
चिनी मातीच्या त्या उंच मानेत, तेलात बुडालेलं
एक कडं आहे. तार त्याच्या पोटातून जाते.
कडं तारेला शिवत नाही.
एकतीस हिवाळे काढले मी या आवारात,
अजून नवल वाटतं:
न शिवता इतकं कसं कळतं त्याला?

वर सहाशे अॅम्पिअर. नारिनचं अडवलेलं पाणी,
तारेतून धावणारं.
ते तसंच या टेबलावर आणलं
तर टेबल, समोवार, तू, मी,
चिमूटभर राख.
म्हणून कडं आपल्याला पाचच देतं.
तुझी आई उझगेनच्या तांबड्या तांदळाचा पुलाव करते ना?
एक शीत दाताखाली धरते, झाकण ठेवते.
कढईत हात घालत नाही.
मीटरवर आकडे सहाशेपर्यंत रंगवलेत,
आत फिरतात पाचच.

पहाटे काटा दोनशेवर: गोठ्यांतले दिवे.
सातला साडेतीनशे: घरोघरचे हीटर.
लग्न असलं तर चारशेवीस.
मयत झाली की तीन रात्री खाली उतरत नाही.
खाली गावात मी फारसा जात नाही,
पण कुणाकडे काय चाललंय
ते मला इथे कळतं.

गेल्या मार्चमध्ये हिमकडा कोसळला,
दोन तारा एकमेकींच्या गळ्यात पडल्या.
कड्यानं रिलेला सांगितलं, रिलेनं ब्रेकरला,
पापणी लवायच्या आत सगळं खोरं काळंमिट्ट.
सकाळी लोक फाटकाशी येऊन शिव्या देऊन गेले.
देऊ देत.
शिव्या द्यायला माणसं शिल्लक होती.

कडंही कधी फसवतं, हे लक्षात ठेव.
लोखंडालाही पोट असतं, ते गच्च भरलं
की वर महापूर असला
तरी खाली काटा अर्धवट काहीतरी पुटपुटतो.
म्हणून नुसत्या काट्यावर जाऊ नकोस. कान दे.
गुणगुण बदलते.

आता नियम. एकच आहे.
कड्याकडून आलेल्या या दोन तारा
कधी, कधीही उघड्या सोडायच्या नाहीत.
मीटर काढायचाय? आधी ही पितळी पट्टी सरकव,
दोन्ही टोकं एकमेकांना भेटव,
मग स्क्रूला हात लाव.
वाटेल, पाचच तर आहेत, काय करणार?
पण वर सहाशे चाललेलेच असतात,
ते कुणासाठी थांबत नाहीत.
खाली वाट तुटली की कडं तो सगळा जोर
हजारो व्होल्टनी त्या फटीत ढकलतं.
निळी जीभ. एवढंच दिसतं.

ही करंगळी बघ. वाकत नाही.
लोक सांगतात, मेदेरची चूक होती.
मेदेर तेव्हा बाहेर बर्फ उपसत होता.

नुरदोलोतचा फोन आला होता, नोव्होसिबिर्स्कहून.
फोन त्याचा, आवाज दुसऱ्याच कुणाचा.
परातीवरून पडला, म्हणाला तो माणूस.
कितव्या मजल्यावरून, ते मी विचारलं नाही.
बायकोला सांगितलं नाही. शेजाऱ्याला नाही.
डबा घेतला, पाळीवर आलो,
वहीत सही केली,
मेदेरला म्हणालो, थंडी वाढली.
आणि वीस वर्षांत एकदाही न विसरलेली पट्टी
विसरलो.

स्फोटानंतर मेदेरनं मला ओढत बाहेर नेलं.
बर्फात हात खुपसून बसलो होतो,
तेव्हा पहिल्यांदा बोललो. हाताबद्दल नाही.

असो. पट्टी लाव. अशी नाही, पूर्ण सरकव,
टक् आवाज आला पाहिजे.
आला.
आता चहा ओत दोघांना.
सकाळपासून तू गप्प आहेस. सांगायचं असेल तर सांग.
नसेल सांगायचं, तर काटा वाच.
मोठ्यानं वाच.